एका खड्याची गोष्ट

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण सांगते. गेले पाच आठवडे आमच्या घरात एक प्लास्टरमधलं मनगट आहे. लेकीचं, डावं. आणि ते तिथे जाण्यात माझा हात आहे. (विनोद करायचा नव्हता, झाला.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही सॅन दिएगोच्या उत्तरेला राहतो, समुद्रापासून थोडं आत, टेकड्यांमध्ये. मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका गराज-सेलमधून लेकीने स्वतःच्या पैशांनी स्केटबोर्ड आणला. दोन्ही टोकं वर वळलेली नेहमीची फळी, खाली चार पांढरी चाकं. चाकांवर पुसट झालेले आकडे होते, ५२ आणि ९९ए. तिला ते काय असतं ते माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. आमच्या गल्लीचा रस्ता खडबडीत डांबरी. त्या चाकांवरून ती जायला लागली की अख्ख्या गल्लीला कळायचं. दुसऱ्याच आठवड्यात साधारण हरभऱ्याएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला. चाक जागच्या जागी थांबलं, आणि पोरगी काही थांबली नाही. दोन्ही गुडघे सोलले.

तिचे गुडघे धुताना मला सातारा आठवलं.

आमच्या लहानपणी बेअरिंगची गाडी असायची. आमच्या पिढीच्या वाचकांना समजावून सांगायला नको. पोवई नाक्याकडच्या गॅरेजवाल्यांकडे निकामी बेअरिंगं मिळायची. दोन मागे, एक पुढे, मध्ये फळी, पुढच्या आडव्या लाकडाला सुतळी बांधून तिने वळवायचं. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे येणारा उतार म्हणजे आमचा रेसट्रॅक. दादा बसायचा, मी मागून ढकलायची. त्या लोखंडी खरखराटाने दुपारी झोपलेले आजोबा उठायचे आणि वरून ओरडायचे. एके दिवशी पुढचं बेअरिंग एका खड्यावर अडकलं. गाडी थांबली, दादा थांबला नाही. हनुवटीला चार टाके. ती खूण अजून आहे.

तर दोन पिढ्या, दोन खंड, आणि खडा तोच. प्लास्टर घातल्यानंतर लेक सोफ्यावर पडून असायची आणि मी रात्री बसून ‘हे चाक नक्की काय प्रकरण आहे’ ते वाचत बसायची. त्यातून जे हाती लागलं ते आज इथे मांडते. गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट बरीचशी आमच्याच शेजारच्या गावांत घडलेली आहे.

स्केटबोर्डचं मूळ रोलर स्केटमध्ये. लाकडी फळी किंवा खोकं घ्यायचं, रोलर स्केटची लोखंडी चाकं तोडून त्याला ठोकायची, झालं. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी, समुद्रात लाटा नसल्या की सर्फिंगची हौस रस्त्यावर भागवायची म्हणून हे वाढवलं. १९५९च्या सुमाराला तयार बोर्ड दुकानात यायला लागले तेही पोलादी चाकांचेच. म्हणजे आमची बेअरिंगची गाडी आणि ते बोर्ड चुलतभाऊच! पोलाद दबत नाही, रस्त्याला धरत नाही. त्याला फक्त दोनच गोष्टी येतात, घसरणं आणि अडकणं.

मग आली ज्याला ते लोक ‘क्ले’ म्हणतात ती चाकं. मातीची म्हणून नाव, पण ती कुंभाराची माती नव्हे. रोलर स्केटिंगच्या बंद हॉलसाठी बनवलेलं ते एक दाबून घट्ट केलेलं मिश्रण होतं. हॉलच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर ती चाकं उत्तम चालत. पोलादापेक्षा पकड बरी, आवाज कमी. त्यांच्या जोरावर १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत या खेळाची पहिली मोठी लाट आली. मे १९६५ मध्ये ॲनाहाइमला मोठी स्पर्धा झाली, टीव्हीवर दाखवली गेली. त्याच महिन्यात ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, बोर्डवर हात टेकून, पाय वर, अशी चालत्या बोर्डवर उभी होती. अनवाणी. (हा फोटो लेकीने आता खोलीत लावलाय. मी काही बोलले नाही.)

त्यानंतर वर्षभरात सगळं थंडावलं. का? तर खडा. हॉलसाठी केलेलं चाक रस्त्यावर आणलं की काय होणार! क्लेचं चाक उन्हातान्हात, डांबरावर भराभर झिजायचं, कडेने टवके उडायचे, वळणावर दगा द्यायचं. त्यात चाकाच्या आतले छर्रे सुटे असायचे. दोन्ही बाजूंना वाटीत छर्रे भरायचे आणि वरून नट आवळायचा. नट जास्त आवळला तर चाक फिरेना, सैल ठेवला तर उतारावर छर्रे रस्ताभर. पोरं पडायला लागली, डॉक्टर मंडळी ओरडायला लागली, कित्येक गावांनी रस्त्यावर बोर्ड आणायलाच बंदी केली. दुकानदारांकडे माल पडून राहिला. फॅड होतं, गेलं, असंच सगळ्यांनी धरलं.

इथे थोडं थांबते, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग आता येतोय.

पॉलीयुरेथेन हा पदार्थ तोपर्यंत जुना झालेला होता. जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये तो शोधला. त्याचे गाद्यांतले फोम झाले, रंग झाले, चिकटवायचे पदार्थ झाले, कारखान्यांतले रोलर झाले. स्केटबोर्डशी त्याचा काही संबंध नव्हता. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल नावाच्या छोट्या गावात ‘क्रिएटिव्ह युरेथेन्स’ नावाचा कारखाना होता. त्यांनी रोलर स्केटसाठी युरेथेनची चाकं करून पाहिली होती. पण स्केटिंगवाल्यांना ती पसंत पडेनात. हॉलच्या गुळगुळीत जमिनीवर मऊ चाक हळू चालतं, उगाच धरून ठेवतं. ज्याला वेग हवा त्याला नकोसं.

१९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी नावाचा सर्फिंगचं वेड असलेला एक तरुण एका मित्राबरोबर त्या कारखान्यात गेला. तिथे ही नकोशी चाकं त्याच्या नजरेला पडली. त्याने ती आपल्या जुन्या बोर्डाला लावली आणि रस्त्यावर नेली. हॉलमधला दोष रस्त्यावर गुण झाला! खडा आला की चाक त्या जागी किंचित दबतं, खड्याला पोटात घेतं आणि पुढे जातं. वळणावर डांबराला धरून राहतं. आणि आवाज जवळजवळ नाहीच. नॅसवर्दी पुढे कॅलिफोर्नियात एन्सिनिटासला आला (आमच्यापासून गाडीने वीस मिनिटं), आणि १९७२-७३च्या सुमाराला त्याने स्वतःची कंपनी काढून ही चाकं विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘कॅडिलॅक’, त्या आलिशान गाडीसारखी सवारी म्हणून. सुरुवातीला सर्फिंगच्या दुकानदारांना पटवणं जड गेलं. बरोबरच आहे, १९६५ नंतर पडून राहिलेला माल ते विसरले नव्हते. मग पोरांनी वापरून पाहिलं आणि पुढचं काम पोरांनीच केलं.

मला हे वाचताना आजोळच्या बैलगाड्या आठवल्या. लाकडी चाकावर लोखंडी धाव असलेली गाडी गावात शिरली की दोन गल्ल्या आधी कळायची. मग कारखान्याला ऊस नेण्यासाठी रबरी टायरच्या गाड्या आल्या. बैल तेच, गाडीवानही तोच, पण ओझं वाढलं आणि खडखडाट गेला. आजोबा म्हणायचे, आता गाडी आल्याचं कळत नाही, बैलांच्या घुंगरांवरून ओळखायचं. असो. विषयांतर झालं.

कॅडिलॅकमध्येही छर्रे सुटेच होते. ते दुखणं १९७५ मध्ये गेलं. सांताक्रूझच्या एनएचएस कंपनीने ‘रोड रायडर’ नावाचं चाक बाजारात आणलं. त्यात आयतं, बंद बेअरिंग थेट चाकात दाबून बसवायचं. आज जगातल्या जवळजवळ सगळ्या स्केटबोर्डांत जे बेअरिंग बसतं ते ६०८ नंबरचं: बाहेरून २२ मिलिमीटर, आतलं भोक ८, जाडी ७. हे काही स्केटबोर्डसाठी जन्मलेलं नाही, साधं औद्योगिक मापाचं बेअरिंग आहे. मध्यंतरी पोरं हातात गरगर फिरवायची त्या फिजेट स्पिनरमध्येही हेच. पोवई नाक्यावरच्या भंगाराचा हा सुधारलेला नातू. त्या नातवाने लोखंडी पोट युरेथेनच्या आत लपवलं एवढाच फरक!

आता चाक धरायला लागल्यावर पोरांनी काय काय केलं! १९७५ मध्येच आमच्या जवळच्या डेल मारच्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धा झाली. सांता मोनिका-व्हेनिसकडची झेफर टीम तिथे आली. बाकीचे ताठ उभं राहून, हातावर उभं राहून कसरती दाखवत होते. ही पोरं जमिनीलगत वाकून, तळहात टेकवून, हाताभोवती बोर्ड गर्रकन फिरवत होती. सर्फरने लाटेला हात लावावा तसं. क्लेच्या चाकावर हे केलं असतं तर थेट दवाखान्यातच गेली असती. त्याच सुमाराला कार्ल्सबॅडच्या ला कोस्टात प्लॉट पाडून ठेवलेले, घरं न बांधलेले, काळे कुळकुळीत उतार पोरांना मिळाले. लाँग बीचजवळच्या सिग्नल हिलवर १९७५ ते १९७८ वेगाच्या शर्यती झाल्या. त्यात इतकी मोडतोड झाली की त्या बंदच पडल्या. आणि १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव रिकामे राहिले, तेव्हा लोकांच्या परसात कुंपणावरून उड्या मारून पोरं त्या कोरड्या तलावांच्या भिंतींवर चढली.

इथून पुढे ‘चाक’ एक राहिलं नाही, त्याच्या जाती झाल्या. माझी चूक कळायला ही जातीची भानगड समजून घ्यावी लागली, म्हणून थोडं तपशिलात जाते.

चाकावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा. एक बोथट सुई ठराविक जोराने पदार्थात रुतवायची, ती किती रुतते त्यावर ० ते १००. रबरासाठीची ही ‘शोअर ए’ पट्टी. खोडरबर किंवा टायर खालच्या-मधल्या आकड्यांत, गाडा ओढायची टणक चाकं वर. स्केटबोर्डमध्ये ७८ए म्हणजे मऊ, ९९ए म्हणजे टणक. (काही कंपन्या चाकावर १०१ए छापतात. पट्टी शंभराला संपते, मग हे एकशे एक कुठून आलं ते त्यांनाच ठाऊक.) कोलोरॅडोच्या क्रिप्टॉनिक्सवाल्यांनी सत्तरच्या दशकात रंगच ठरवून टाकले होते, लाल मऊ, निळं मधलं, हिरवं कडक. मला हे फार पटलं. आकडे पुसले जातात, रंग राहतो.

तलावाच्या गुळगुळीत सिमेंटवर वेग हवा, म्हणून तिथे चाक मोठं पण कडक झालं. गुळगुळीत पृष्ठभागावर मऊ चाक दरवेळी दबण्यातच जोर घालवतं, जे त्या हॉलवाल्यांना आधीच कळलं होतं. उलट खडबडीत डांबरावर कडक चाक प्रत्येक बारीक उंचवट्यावर माणसाला उचलतं आणि आपटतं, सगळा जोर त्या थरथरीत जातो. म्हणजे मऊ वेगवान की कडक, याला उत्तर नाही. खाली काय आहे ते आधी विचारायचं.

मग १९८०च्या सुमाराला विम्याच्या खर्चाने स्केटपार्क बंद पडले आणि खेळ परत रस्त्यावर आला, पण आता उतारावर नव्हे. पायऱ्या, कठडे, बाकडी. ॲलन गेल्फंडने तलावात हात न लावता बोर्ड हवेत उचलायची युक्ती काढली होती, रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली. बोर्ड पायाने उडवायचा तर तो हलका हवा. चाकं आक्रसत गेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तर ती ४० मिलिमीटरपर्यंत आली. हिशेब करा, त्यातलं २२ बेअरिंगच; म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम नऊ मिलिमीटर युरेथेन. फुटपाथच्या फटीतसुद्धा अडकेल असं. पुढे शहाणपण आलं, आता ५० ते ५४ला स्थिरावलंय. लेकीच्या गराज-सेलच्या बोर्डाची चाकं याच जातीची होती. संगमरवरासारख्या गुळगुळीत चौकात बाकड्यावर उड्या मारणाऱ्यासाठी केलेली, आणि आम्ही ती आमच्या गल्लीत चालवत होतो.

दुसरी शाखा लांब फळ्यांची, लाँगबोर्डची. १९९३ मध्ये आमच्याच सॅन दिएगोत सेक्टर नाइन सुरू झाली आणि सत्तरच्या दशकातली ती उतारावरची मजा पुन्हा वर आली. यांना उड्या मारायच्याच नाहीत, तरंगत जायचंय. म्हणून ६५ ते ७५ मिलिमीटर, ७८ए च्या आसपास. ७० मिलिमीटरचं चाक एका फेरीत सुमारे २२ सेंटिमीटर जातं, ५२ चं सोळा. किलोमीटरला साडेचार हजार फेऱ्या आणि सहा हजारांच्या वर! शिवाय मोठ्या चाकाला खडा लहानच दिसतो. पण थांबलेलं मोठं चाक हलवायला जोर लागतो, हेही आहे.

त्यातही पोटजाती. डोंगरउतारावर जोरात जाणाऱ्यांना काठ धारदार असलेलं, रुंद चाक लागतं, ते वळणावर रस्ता सोडत नाही. आणि त्याच उतारावर मुद्दाम बोर्ड आडवा घालून घसरत वेग मारणाऱ्यांना उलटं. गोल काठाचं, थोडं कडक, जे हात सोडल्यासारखं अलगद सुटेल आणि तितक्याच अलगद परत धरेल. ही मंडळी घसरतात तेव्हा रस्त्यावर युरेथेनच्या लांब रेघा उमटतात. चाक झिजतच असतं, ते त्यांनी मान्य केलेलं असतं. एकाच्या जागी दुसऱ्याचं चाक घातलं तर धरायच्या वेळी सुटेल, नाहीतर सुटायच्या वेळी गच्च धरून उडवून देईल.

आता माझी चूक. गुडघे सोलल्यावर मी, इंजिनियर बाई, ‘खडबडीत रस्त्याला मोठं आणि मऊ’ एवढं वाचून ७० मिलिमीटर, ७८ए ची सुरेख निळी चाकं मागवली. रविवारी सकाळी स्वतः पाना घेऊन बसवली. लेक म्हणाली,

“आई, अगं, फार मोठी वाटतायत गं.”

“मोठीच हवीत,” मी म्हटलं. “हेल्मेट घाल आणि जा.”

पहिले पंचवीस-तीस फूट नुसता वारा. आवाज नाही, थरथर नाही. तिने मागे वळून अंगठा दाखवला. मग कोपऱ्यावर वळायला ती एका बाजूला झुकली. झुकल्यावर फळी त्या बाजूला खाली आली आणि चाकावर टेकली. लाँगबोर्डच्या फळीला तिथे जागा कापलेली असते, किंवा चाकं फळीच्या बाहेरच असतात. हिची स्ट्रीटची फळी, चाकासाठी तिच्याखाली जागाच नव्हती. चाक फळीत चावून थांबलं. ह्याला ‘व्हीलबाइट’ म्हणतात हे मला दवाखान्यातून आल्यावर कळलं. खडा खालून येतो असं मी धरून चालले होते, इथे तो मी वरून बसवला होता.

रात्री साताऱ्याला फोन केला. दादा आधी रागावला. पोरीला कशाला असले उद्योग करू देतेस, वगैरे. मग विचारलं, “चाक अडकलं का?” मी हो म्हटलं. तो जरा वेळ गप्प होता.

दादा हे वाचेल म्हणून इथेच लिहून टाकते, फोनवर जमलं नाही. तेव्हा घरी मी सांगितलं होतं की मी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता, दादा एकटाच गेला. मार तुला पडला, हनुवटीला टाके असताना. मी ढकललं होतं, आणि नेहमीपेक्षा जोरात ढकललं होतं, कारण आदल्या दिवशी तू मला बसू दिलं नव्हतंस. आईला आता सांगायचं की नाही ते तू ठरव.

लेकीला मी हे सगळं सांगितलं, चाकाचंही आणि उताराचंही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मामाने परत चालवली का गाडी?” चालवली. टाके निघायच्या आधी.

येत्या गुरुवारी प्लास्टर निघेल. डॉक्टरांनी महिनाभर बोर्ड नको म्हणून सांगितलंय. निळी चाकं तिने स्वतःच काढून डब्यात ठेवलीत, कधी लांब फळी घेतली तर होतील म्हणून. या वेळी चाकं तिनेच निवडली. ६० मिलिमीटर, ७८ए, आणि फळी व ट्रकच्या मध्ये घालायला रबरी पट्टी, जिने फळी थोडी वर उचलली जाते. पार्सल आलंय. काल तिने उजव्या हाताने पुढची दोन बसवली, मला फक्त ट्रक धरायला बसवलं. मग फळी जमिनीवर ठेवून मला वर उभं राहायला सांगितलं, आणि स्वतः खाली आडवी पडून, मी एका बाजूला झुकले की चाक आणि फळी यांच्यात किती फट राहते ते डोळा लावून बघत बसली.

बोटभर राहते. मागची दोन चाकं शनिवारी. आणि मनगटाची पॅड्स मागवायचीत, ती आधीच मागवायला हवी होती.